चौसष्टात एक

माझ्या बहिणीचा नवरा एमिल कोसिक याने अडतीस वर्षं काचेच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. पोर्ट हॅलमच्या काचकारखान्यात त्याचं कामच ते होतं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, हा बसल्या जागी त्यांतली बुडबुडा धरलेली किंवा चीर गेलेली उचलून बाजूला टाकायचा, आणि पाळी संपली की फळ्यावर लिहायचा, शंभरात किती खराब. कारखाना बंद पडून चौदा वर्षं झाली होती. बाटल्या गेल्या, शंभर काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. पावसाची शक्यता, चर्चच्या बिंगोत आपला नंबर लागण्याची शक्यता, नव्या पाद्रीबुवांचं प्रवचन वीस मिनिटांत आटपण्याची शक्यता, सगळं तो शंभरात मोजून आम्हाला ऐकवायचा. मी जन्मभर घरोघर टपाल वाटलं. पत्र येतं किंवा येत नाही, मधलं काही नसतं, असं माझं मत. यावरून आमचं चाळीस वर्षं पटलं नाही, आणि तरी आठवड्यातले पाच दिवस मी त्याच्याच घरी जेवायचो.

पण एमिलची खरी मोजदाद बेसबॉलची. आमच्या शहराचा संघ म्हणजे फेरीमेन. ऑगस्ट उजाडला की एमिल दर्शनी खिडकीत एक पुठ्ठा लावायचा. आपले फेरीमेन प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, जाण्याची शक्यता शंभरात किती, तो आकडा त्यावर जाड काळ्या पेनाने लिहिलेला. रोज सकाळी नवा. कुत्री फिरवणारे थांबून वाचायचे, शाळेच्या बसची ड्रायव्हर त्या कोपऱ्यावर गाडी हळू करायची. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यालाच तिथे शून्य लागायचं आणि गल्ली निमूटपणे हिवाळ्याच्या तयारीला लागायची. त्या वर्षी मात्र आकडा चढत गेला. साठ, सत्तर, ऐंशी. लोक कामावर जाताना पुठ्ठ्याला हात करायला लागले.

लोकांना वाटायचं की घरातलं वेड एमिलचं. ते खोटं. खरी वेडी माझी थोरली बहीण व्हेरोना. एमिल नुसते आकडे सांगतो, ती सामना लिहिते. रेडिओशेजारी वही घेऊन बसायचं आणि कोणी मारलं, कोण बाद झालं, कोणाच्या हातून सुटलं, सगळं खुणांनी वहीतल्या चौकटींत भरायचं. बाबांनी तिला सातव्या वर्षी शिकवलं ते. मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा डावात दोन बाद झाले होते, तिसरा झाल्यावरच बाई गाडीत बसल्या. आईच्या अंत्यविधीनंतर जेवणं चालली होती, तेव्हा बटाट्याचं सॅलड आणते म्हणून चर्चच्या स्वयंपाकघरात गेली ती सातवा डाव संपल्यावर उगवली. आमच्या गल्लीत नवऱ्याला सोडून आलेली बाई आहे, तुरुंगात जाऊन आलेला बाप्या आहे, दोघांनाही लोक बोलावून कॉफी देतात. संघाला शिव्या तर सगळेच देतात. पण आपल्या संघाने हरावं असं मनात आणणारं माणूस आम्ही कोणी पाहिलं नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये एमिल टोमॅटोच्या वाफ्यात कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा तोंडात माती होती आणि व्हेरोना पाण्याच्या नळीने त्याचं तोंड धुत होती. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, बदलायला हवी, असं निघालं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर ओकाफोर, उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. एमिलने त्यांना एकच विचारलं, शंभरात किती?

"सत्त्याण्णव," त्या म्हणाल्या.

"हंगाम संपल्यावर करू," एमिल म्हणाला.

बाईंना आधी कळलंच नाही की हा कोणत्या हंगामाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी हंगाम संपल्यानंतरचा मंगळवार ठरला. पण फेरीमेन प्लेऑफमध्ये गेले तर पहिला सामना त्याच मंगळवारी, मग एमिलचं म्हणणं, नोव्हेंबर. ते होईपर्यंत तो भूल घेऊन पडून राहणार नव्हता. आयुष्यात दोनदा आलेली गोष्ट झोपेत घालवू का, म्हणाला. डॉक्टरबाईंनी व्हेरोनाला बाहेर घेतलं आणि सांगितलं, मंगळवार मी राखून ठेवते, सोमवारी दुपारपर्यंत कळवा, नोव्हेंबरची मात्र मी हमी देत नाही. हे व्हेरोनाने मला अंगणात उभं राहून सांगितलं. मी एमिलशी भांडलो, मुलीने फोनवरून रडून पाहिलं. उंटावरच्या शहाण्याला खालून सांगून काय उपयोग.

असा तो शेवटचा आठवडा आला. हंगामातले तीन सामने उरले, शुक्रवार, शनिवार, रविवार. आमच्या मागे कूपर्सचा संघ, तीन सामन्यांनी मागे. आम्ही तीनातला एक जिंकला किंवा ते तीनातला एक हरले की झालं. बरोबरी मात्र चालणार नव्हती, कारण आपसातल्या सामन्यांत त्यांनी आम्हाला वर्षभर धोपटलं होतं आणि बरोबरी झाली तर तेच पुढे जाणार होते. आमची गाठ पडणार होती ती लीगमधल्या सगळ्यांत गाळ संघाशी. त्यांच्या गावात, पण गाळ तो गाळ.

शुक्रवारी दुपारी मी गेलो तर पुठ्ठ्यावर अठ्ठ्याण्णव होते. एमिल जेवणाच्या टेबलाशी बसून डब्यातलं नाणं उडवत होता.

"हे बघ ऑगी," तो मला म्हणाला, "सहा वेळा नाणं उडवायचं आणि सहाही वेळा काटाच पडायला हवा, तरच आपण बुडतो. किती वेळा होईल असं? चौसष्टात एकदा. म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या वरच आहे, नजर लागू नये म्हणून मी पाव-अर्धा गाळलाय."

"आणि मंगळवार?" मी विचारलं.

"मंगळवारी सामना बघायला ये. क्लोबासा सॉसेज तू आण."

व्हेरोना चुलीशी पाठमोरी उभी होती. तिने झाकण जरा जोरात ठेवलं. एमिलला ते ऐकू आलं असावं, कारण त्याचा आवाज खाली आला.

"अगं, घाबरतेस कशाला? डॉक्टरीण म्हणते सत्त्याण्णव. खिडकीत अठ्ठ्याण्णव. दोघं भाऊभाऊच. खिडकीतल्या आकड्याची तुला भीती वाटते का? नाही ना? मग त्याचीही नको. ऑपरेशन आज करा नाहीतर नोव्हेंबरात करा, मी त्यातून उठणारच. हे एवढं नक्की आहे बघ," असं म्हणून त्याने बोट खिडकीकडे केलं.

व्हेरोना वळली नाही. "पानं घे," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी हरलो. कूपर्स जिंकले. शनिवारी सकाळी चौऱ्याण्णव. गल्लीत कोणी फारसं मनाला लावून घेतलं नाही, एक दिवस कुणाचाही खराब जातो. शनिवारी दुपारी पुन्हा हरलो, तेही एका धावेने, आणि कूपर्सनी पुन्हा जिंकलं. रविवारी सकाळी मी प्रार्थनेला निघालो तेव्हा खिडकीत पंचाहत्तर होते आणि पुठ्ठ्यासमोर पाच-सहा माणसं गप्प उभी होती, कुणाच्या घरी आजारी माणूस असावं तशी. एमिल दारात आला. "पंचाहत्तर म्हणजे चारात तीन," तो त्यांना म्हणाला, "काळजी कसली करता?" बोलताना त्याने दाराची चौकट धरली होती. ओठ निळसर दिसत होते. व्हेरोना त्या दिवशी माझ्याही आधी चर्चमध्ये येऊन बसली होती. गुडघ्यावर. इतरांची प्रार्थना आटपली, कॉफी झाली, तरी ही तिथेच. मला वाटलं, आमची बाई देव पाण्यात घालून बसली. बसलीच होती.

शेवटच्या दिवशी सगळीकडचे सामने तीन वाजता एकदमच सुरू होतात. कोणाला दुसऱ्याचं बघून वागता येऊ नये म्हणून. आमच्याकडे टीव्ही लावून त्याचा आवाज बंद करतात आणि रेडिओ लावतात, कारण रेडिओवरचा माणूस आपला आहे, एकतीस वर्षं तोच बोलतोय. एकच गैरसोय. रेडिओ टीव्हीच्या सात-आठ सेकंद पुढे असतो. आधी ऐकायचं, मग बघायचं. आम्हाला त्याची सवय झालेली, चांगली बातमी दोनदा मिळते म्हणून बरंच वाटायचं.

एमिल त्याच्या खुर्चीत, व्हेरोना रेडिओशी वही घेऊन, मी सोफ्यावर. आठव्या डावापर्यंत आम्ही चार-एकने पुढे होतो. कूपर्स तिकडे जिंकत होते, पण त्यांना विचारतो कोण? बाहेर कोणीतरी गाडीचा भोंगा वाजवायला सुरुवातही केली होती. आठव्यात त्या गाळ संघाने एक धाव काढली, नवव्यात, म्हणजे शेवटच्यात, आणखी एक. चार-तीन. दोन बाद झाले, त्यांचे दोन जण धावेच्या वाटेवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर; दोघंही पोचले की सामना त्यांचा. एक बाद केला की संपलं. मधेच रेडिओवाला म्हणाला, कूपर्सनी सामना जिंकला आहे. एमिल म्हणाला, "जिंकू दे." मी पाहिलं, त्याची मूठ छातीवर होती. कळ होती की नुसती सवय, कोण जाणे. व्हेरोनाही त्या मुठीकडेच बघत होती. तिची पेन्सिल थांबली होती.

मग रेडिओवाला म्हणाला, उंच उडालाय, अगदी सरळ वर, साधा झेल, दोघं धावतायत. आणि थांबला. इतका वेळ तो कधी थांबत नाही. मग त्याच्या तोंडून निघालं, पडला, दोघांच्या मधे पडला, एक धाव, दुसरीही, संपलं.

टीव्हीवर अजून चेंडू टाकणारा पिचर हात मागे घेत होता.

तो प्रकार माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. आम्हाला माहीत होतं आणि पडद्यावरच्या माणसांना माहीत नव्हतं. चेंडू पडद्यावर उडाला, वर गेला. आमचे दोन खेळाडू मान वर करून धावत आले. असल्या झेलासाठी मोठ्याने "माझा" म्हणून ओरडायचं, हे आमच्याकडे आठ वर्षांची पोरंही जाणतात. दोघांपैकी कोणाचंही तोंड उघडलेलं दिसलं नाही. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले आणि चेंडू त्यांच्या मधोमध गवतावर पडला. मी एवढा आ वासून बसलो होतो की मला तोंड मिटायचीही आठवण राहिली नाही. भोंगा बंद पडला. गल्लीत एकही दार वाजलं नाही. चौसष्टात एकदा होणारी गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत झाली होती.

एमिल किती वेळ हलला नाही. मला वाटलं गेला. खरंच वाटलं. मी उठणार तोच तो म्हणाला, "टीव्ही बंद कर."

मी बंद केला. म्हटलं, चला, वाईटातून एक तरी चांगलं निघालं. मंगळवार मोकळा झाला. नोव्हेंबरची भानगड मिटली. मी तसं बोललोही, माझ्या जिभेला हाड नाही. "मग मंगळवारी गाडी मी काढतो," म्हटलं.

"मंगळवारी कुठे जायचंय?" एमिल म्हणाला.

"दवाखान्यात."

"मी नाही जात."

व्हेरोनाच्या हातातली वही मांडीवरून घसरून खाली पडली. एमिल अगदी शांतपणे बोलत होता, कारखान्यात फळ्यापुढे उभा राहून बोलायचा तसा.

"चौसष्टात एक म्हणजे शंभरात दीड. ते आत्ता झालं. तू पाहिलंस, मी पाहिलं. डॉक्टरीणबाईंच्या शंभरात तीन आहेत. तीन म्हणजे याच्या दुप्पट. दीड होऊ शकतं तर तीन का नाही होणार? अडतीस वर्षं मी खराब बाटल्या उचलून बाजूला टाकल्या, ऑगी. त्यातली एक आपण असू, हे कधी मनातच आलं नाही. मी आहे असाच बरा आहे. टोमॅटो उभा राहून लावत नाही, बसून लावीन."

मी काय वाट्टेल ते बोललो. म्हटलं, झेलाचा आणि झडपेचा काय संबंध? म्हटलं, त्या बाई मधे उभ्या राहून कोणाच्या तोंडाकडे बघत बसणार नाहीत. म्हटलं, तूच शुक्रवारी म्हणालास, भाऊभाऊ आहेत. "तेच तर," तो म्हणाला, "एका भावाने गळा कापला. आता दुसऱ्यावर कसा भरवसा ठेवू?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हिशेबात मला चूक सापडेना आणि तोच हिशेब त्याला मारणार होता.

व्हेरोना उठली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, एप्रन दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"मी मागितलं होतं ते," ती म्हणाली.

"काय मागितलं होतंस?"

"ते हरावेत म्हणून. तुझ्या त्या फेरीमेननी हरावं म्हणून."

एमिलने तिच्याकडे पाहिलं. मला ठसका लागला. मी माझ्या बहिणीला सदुसष्ट वर्षं ओळखतो. तिने माणूस मारलाय म्हणाली असती तर मी आधी विचारलं असतं, कोणाला? यावर मला काही विचारताच येईना.

"कधी मागितलंस?" एमिल म्हणाला. "आज?"

"वाफ्यात पडलास त्या दिवसापासून. रोज. ते लागोपाठ नऊ जिंकले ना, तेव्हाही रोज. मी वही लिहायची, टाळ्या वाजवायच्या, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. तू सकाळी तो आकडा वाढवायचास आणि मला वाटायचं, आणखी एक दिवस गेला याचा."

"शेवटच्या डावात? चार-तीन असताना?"

"तेव्हाही."

"चेंडू वर होता तेव्हा?"

"पडू दे म्हटलं," व्हेरोना म्हणाली. "देवा, पडू दे. आणि पडला. मला वाटलं, सुटलो. आणि तू आता म्हणतोस, मी जात नाही. मग मी हे कशासाठी केलं, एमिल? बाबांना वर जाऊन काय तोंड दाखवू?"

एवढं बोलून ती तिथेच खाली बसली, त्याच्या पायांशी, जमिनीवर. एकाहत्तर वर्षांची बाई. एमिल तिच्या डोक्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी राग म्हणणार नाही. त्याला आत्ता आत्ता कळत होतं की आपल्या घरात गेले दोन महिने काय चाललं होतं. शंभरात किती वगैरे काही नाही. ही बाई किती घाबरली होती, ते. आपला संघ हरावा असं व्हेरोना म्हणेल याची शक्यता त्याने कधी मोजलीच नव्हती. मोजली असती तर शून्य लिहिलं असतं.

शेवटी तो म्हणाला, "मंगळवारी किती वाजता?"

"साडेपाचला हजर व्हायचंय," मी म्हणालो. "पहाटे."

"गाडी तूच चालव. या बाईचा मला आता भरवसा नाही." आणि मग त्याने हात तिच्या डोक्यावर ठेवला. नीट ठेवता आला नाही, खुर्ची उंच होती. "ऊठ," म्हणाला. "गुडघे धरतील."

मंगळवारी त्याला आत नेलं तेव्हा डॉक्टर ओकाफोर पुन्हा आकडा सांगायला लागल्या. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. मला नको, म्हणाला, हिला सांगा. व्हेरोनाने मान हलवली, तिलाही नको होता. पाच तास आम्ही दोघं त्या हिरव्या खुर्च्यांवर बसलो. ती काही खाईना. समोरच्या टीव्हीवर प्लेऑफचा सामना लागला, कूपर्सचा, तेव्हाही ती भिंतीकडे बघत राहिली. मी जाऊन तो बंद करायला सांगितला. तिथल्या माणसाने काही न विचारता बंद केला, तो आमच्याच गावचा.

डॉक्टरबाई आल्या त्या टोपी काढत. त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. झडप नीट बसली आहे, म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत जागे होतील, तुम्ही घरी जाऊन जरा पडा. व्हेरोनाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, आभार मानले, त्यांच्या मुलांची चौकशी केली, अगदी नीट, सभ्यपणे. बाई गेल्या. व्हेरोना खुर्चीत बसली. तिने पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि मग तिचा सगळा चेहराच मोडून पडला.

मी म्हटलं, "अगं, आता कशाला? झालं ना सगळं चांगलं?"

"दोन बाद झाले होते, ऑगी," ती हुंदके देत म्हणाली. "दोन बाद. इतका सोपा झेल. असा झेल कुणी सोडतं का?"